अनुभव धागा: आत्महत्येचा प्रसंग असलेला सिनेमा मुलांना दाखवलात? पुढे काय झालं?

सांगलीत विश्रामबागला आमच्या कॉलनीच्या वाचनालयात दर मे महिन्यात आठवी-नववीच्या मुलांचं शिबिर असतं. शनिवारी संध्याकाळी पडदा लावून एक सिनेमा, मग गप्पा. यंदा मुलांनीच 'छिछोरे' मागितला. प्रवेश परीक्षेत अपयश आलेला मुलगा, त्याने जीव द्यायचा केलेला प्रयत्न आणि दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून बापाने सांगितलेली हॉस्टेलची गोष्ट. बहुतेकांनी पाहिला असेल. मी 'हो' म्हणून बसले आणि रात्रभर डोळा लागला नाही. पंचवीस मुलं येतात. कुणाच्या घरात काय घडून गेलंय, मला काय ठाऊक?

सर्टिफिकेट बघून ठरवायचं म्हटलं, तर २०२३ पर्यंत 'यूए' एकच होतं, बारा वर्षांखालच्या मुलांनी बघायचा की नाही ते पालकांनी ठरवावं, एवढंच सांगणारं. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ७, १३ आणि १६ अशा पायऱ्या केल्या, ते चांगलंच झालं. पण समोर बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलीची परवाच आई-बाबांसमोर गुणपत्रिकेवरून रडारड झालीय, हे सर्टिफिकेटला कळत नाही.

म्हणून विचारते. मुलांना दाखवला असेल, मुद्दाम टाळला असेल, लहानपणी स्वतः पाहिला असेल, तर पुढे काय झालं ते लिहा. एकच विनंती, कुणी कसा जीव दिला याचं वर्णन नको. सिनेमातलंही नको.

आठ वर्षांच्या मुलाचे बाबा, सातारा

'थ्री इडियट्स' आमच्या घरात टीव्हीवर लागला की चालूच राहतो. हसायचा सिनेमा म्हणूनच आम्ही तो धरला होता. त्यातल्या जॉय या विद्यार्थ्याचं हेलिकॉप्टर त्याच्या खिडकीपाशी जातं आणि तोवर तो जिवंत नसतो, तो प्रसंग येतोय, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. मी चहाचा कप घेऊन आत आलो तर मुलगा पडद्याकडे बघत उभा. रडला नाही, काही नाही. दोन दिवसांनी गाडीवर मागे बसून पोवई नाक्यावर सिग्नलला विचारतो, "बाबा, ते हेलिकॉप्टर उडालेलं त्याला कळलंच नाही का?"

मी गाडी बाजूला घेतली. म्हणालो, नाही कळलं. त्याला वाटलं आता काहीच होणार नाही. कुणाला तरी सांगितलं असतं तर थांबता आलं असतं. एवढंच बोलता आलं. तो प्रश्न दोन दिवस त्याच्या पोटात होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

शिक्षक, कराड तालुका

नववीच्या वर्गाला प्रोजेक्टरवर एक सिनेमा दाखवत होतो. नाव सांगत नाही. त्यात एक मुलगा जातो, आणि पुढचा सगळा भाग त्याचे मित्र नि आई कसे सावरतात याचा. मला दाखवायचा होता तो हा पुढचा भाग. मुलगा गेला आणि पाच मिनिटांत लाईट गेली. तास संपला, एसटीची वेळ झाली, पोरं घरी गेली.

म्हणजे माझ्या वर्गाने फक्त मरण पाहिलं.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला नाही. एरवी मी वाट बघितली असती. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मोटारसायकल काढली आणि थेट त्याच्या वस्तीवर गेलो. ऊसाला पाणी पाजत होता. वडिलांना बरं नव्हतं म्हणून थांबलेला. मी बांधावर बसलो, तोही बसला. पायाचा चिखल काडीने काढत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सर, त्याच्या आईचं पुढं काय झालं?" सगळी गोष्ट त्याला तिथेच सांगितली, शेवटपर्यंत. त्यानंतर असा सिनेमा मी तास बघून, वीज बघून, पुरता संपेल अशाच दिवशी लावतो.

द्राक्ष बागायतदार, तासगाव

आमच्याकडं पोरांनी आत्महत्या हा शब्द सिनेमात ऐकायची गरज न्हाई. पारावर ऐकत्यात.

तरी सांगतो. 'गाभ्रीचा पाऊस' बघितला आम्ही घरात सगळ्यांनी मिळून. विदर्भातल्या शेतकऱ्याचा हाय. नवऱ्यानं जिवाचं काही बरंवाईट करू नये म्हणून बायको लहान पोराला त्याच्या मागं पाळत ठेवायला लावती. चांगला सिनेमा, खोटं काही न्हाई त्यात. त्या साली अवकाळीनं माझी बाग गेलेली. सिनेमा बघितल्यापास्नं माझी चौदा वर्षांची लेक सकाळी डबा घेऊन माझ्या मागं बागेत यायला लागली. शाळेला उशीर व्हायचा तरी यायची. आठ दिवसांनी माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला शेजारी बसवलं आणि बँकेचं, सोसायटीचं, सगळं कर्ज वहीवर मांडून दाखवलं. एवढं हाय, असं फेडणार हाय, मी कुठं जात न्हाई. मग शाळेला जायला लागली.

सिनेमा दाखवला ते चुकलं असं मी म्हणत न्हाई. सिनेमा झाल्यावर मी गप बसलो, ते चुकलं.

सातारा. नाव, वय लिहीत नाही

मी नववीत असताना माझा मोठा भाऊ आत्महत्येने गेला. 'केली' हा शब्द मी वापरत नाही, गुन्हा केल्यासारखा वाटतो. कायद्यानेही २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात असा प्रयत्न करणाऱ्या माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानलंय. तो कायदा वाचला तेव्हा मी रडले होते.

बारावी संपल्यावर मैत्रिणींबरोबर थिएटरला गेले. पोस्टरवर सगळे हसत होते. मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. मी अंधारातून चाचपडत बाहेर आले आणि जिन्यावर बसले. डोअरकीपर काका आले. काही विचारलं नाही. बॅटरी बंद करून दोन पायऱ्या सोडून बसले. नंतर बाटली पुढे केली आणि म्हणाले, "संपायला अर्धा तास हाय. बस हितंच, घाई नको."

ताई, तुम्ही सिनेमा दाखवा. पण पंचवीस मुलांत एखादी मी असेन. मला आधी सांगा की असा प्रसंग आहे. दाराजवळची खुर्ची द्या. मी बाहेर गेले तर कुणीतरी मागे या, आणि लगेच प्रश्न विचारू नका.

आजी, सांगली

मी अकरा वर्षांची असताना 'एकच प्याला' पाहिला. गडकऱ्यांचं नाटक, त्यात सुधाकरचा शेवट काय होतो ते जुन्या माणसांना माहीत आहे. आम्हा नाट्यपंढरीच्या लोकांना कुणी वय विचारलं नाही. पण नाटक सुटल्यावर आई, मावशी, शेजारच्या काकू अशा आम्ही चालत घरी यायचो आणि वाटभर सिंधूवर, सुधाकरवर भांडण व्हायचं. घरी पोचेपर्यंत माझं रडू आटलेलं असायचं. नातू खोलीचं दार लावून कानात ते घालून बघतो. त्याच्यासोबत वाटभर चालायला कोण आहे?

कॉलेजची विद्यार्थिनी, इस्लामपूर

आजी, मीच ती दार लावून बघणारी. सोळाव्या वर्षी 'थर्टीन रीझन्स व्हाय' एका रात्रीत पाहिली. नायिका गेल्यावरही कॅसेटवरून तिचा आवाज सगळ्यांशी बोलत राहतो, आणि सगळे शेवटी तिचं ऐकतात. मला त्याचंच आकर्षण वाटलं. गेल्यावर कुणीच ऐकायला उरत नाही, हे त्या रात्री सुचलं नाही. २०१७ ची ती मालिका. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये त्यातला तिच्या मृत्यूचा प्रसंग कापला.

'छिछोरे' मला आवडतो. पण त्यातही मुलाने एवढं केल्यावरच बाबा सगळं मनातलं बोलतात, सगळे मित्र धावत येतात. मुलांना नक्की विचारा, की हे सगळं आदल्या दिवशी कसं घडलं असतं?

समुपदेशक, मिरज

वरचा प्रश्न माझ्याकडून उसना घेतल्यासारखा आहे, इतका नेमका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सिनेमा-नाटकवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. तिचा रोख साधारण हाच: पद्धत दाखवू नका, मरणाला एकच कारण चिकटवू नका, मदत मागणारी आणि सावरणारी माणसं दाखवा. सिनेमा निवडताना मी हेच बघते. मदत मागून कुणी सावरलेलं दिसलं, तर त्याचाही चांगला परिणाम होतो. त्याला 'पापागेनो परिणाम' म्हणतात, मोझार्टच्या ऑपेरातल्या पात्रावरून.

पालक मला विचारतात, असं बोललं की मुलाच्या डोक्यात भरणार नाही का? नाही भरत. "तुला कधी जगू नये असं वाटतं का?" असं सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, उलट मुलाला बोलायला जागा मिळते. कुणी 'हो' म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना त्याच दिवशी बोलवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फळ्यावर लिहा. चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. आणि गप्पांना सिनेमाइतकाच वेळ ठेवा. आमच्याकडे सगळं लवकर आटपतं ते तिथेच.

आठवीतल्या मुलाची आई, सांगली

मी माझ्या मुलाला पाठवणार नाही. त्याचा वर्गमित्र चार महिन्यांपूर्वी गेला. आत्ता नको.

पुन्हा मी, विश्रामबाग

तुमचा निरोप वाचला आणि आधी तुमच्याशीच बोलले. त्या शनिवारी तुमचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र वाचनालयाच्या गच्चीवर कॅरम खेळणार आहेत, माझे मिस्टर त्यांच्यासोबत असतील.

बाकी पालकांना चिठ्ठी गेली. सिनेमात काय आहे ते स्वच्छ लिहिलंय, आणि ज्यांना जमेल त्यांनी शेजारी बसायला या असंही. अकरा जण येतायत. त्यातले सात बाबा आहेत, याचं मला फार बरं वाटलं. मिरजच्या ताई स्वतः येणार आहेत. सिनेमा चारला सुरू, म्हणजे गप्पांना उजेड राहील. दाराजवळच्या चार खुर्च्या मोकळ्या ठेवतेय.

आणि कराडचे सर, काल इन्व्हर्टरवाल्याला बोलावून बॅटरीत पाणी भरून घेतलं. पंखे बंद ठेवून प्रोजेक्टर तीन तास चालतो का, ते उद्या लावून बघणार आहे.