नवी गाडी, ओंटारिओतला पहिला हिवाळा: मिठापासून कशी वाचवू?

सप्टेंबरात गाडी घेतली, गडद निळी. मिसिसागात घर आहे पण गॅरेज नाही. पुण्यात बाबांची स्कूटर रोज पुसायचो, त्यामुळे इथे बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकतात त्या मिठाचे पांढरे डाग या गाडीवर पडणार म्हणून आत्तापासून जीव कासावीस होतोय. डीलर सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा कडक, टिकाऊ संरक्षक थर) घ्याच म्हणतोय. घेऊ का?

उत्तर १
रंगापेक्षा गाडीच्या पोटाची काळजी करा. गंज तिथूनच लागतो. दर शरद ऋतूत खालून तेलाचा फवारा मारून घ्या. ते दोन-चार दिवस ठिबकतं, ड्राइव्हवेवर पुठ्ठा अंथरा. डांबरासारखा जाड काळा थर मात्र नको. त्याला चीर गेली की खारं पाणी आत अडकतं आणि पत्रा आतून कुजतो, वरून कळतही नाही. माझ्या आधीच्या गाडीचं तेच झालं.

उत्तर २
सिरॅमिक नसलं तरी चालेल. गाडी धुवा, क्ले बार (रंगावर चिकटलेला मळ उचलणारी मऊ मातीची वडी) फिरवा, सीलंट (रंगावर लावायचा संरक्षक लेप) लावा, पण पारा १० अंशांच्या वर असताना. दारांच्या रबराला सिलिकॉन लावा, नाहीतर दारं गोठून चिकटतात. बर्फ काढायला फोमचाच ब्रश घ्या. आणि हिवाळ्यात पारा शून्याच्या वर चढला की लगेच गाडी खालून धुऊन आणा.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार! शनिवारी १४ अंश आहे, सकाळीच बादली काढतो. फवाऱ्याची वेळ आजच घेतली.