चित्रपटगृहातील जुन्या प्रोजेक्शन लेन्सने छायाचित्रे काढता येतील का?

काचपेटी : आमच्या गावातील एकपडदा चित्रपटगृह पाडले गेले, तेव्हा केबिनमधले सामान भंगारात निघाले आणि त्यातील दोन लेन्स मी वजनाच्या भावाने विकत घेतल्या. एक जड, लांबट नळी असून तिच्यावर ९० मिमी आणि एफ/१.९ असे कोरले आहे. बाहेरचा व्यास ७० मिमीहून किंचित अधिक भरतो. दुसरी अ‍ॅनामॉर्फिक, म्हणजे चित्र आडवे पसरवणारी आहे आणि तिच्यावर २एक्स असा आकडा आहे. माझा कॅमेरा सोनीचा, ई माउंटचा (माउंट म्हणजे लेन्स जोडायचे तोंड) व एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा आहे. नळीवर अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत येण्याचे छिद्र लहानमोठे करणारी) कडी नाही, फोकसचीही नाही. अशा लेन्सचे चित्र सेन्सर भरून उमटेल का, आणि फोकस कसा साधावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

केबिनवाला : या दोन्ही कड्या नसण्याला कारण आहे. प्रोजेक्टरला दिव्याचा शक्य तेवढा प्रकाश पडद्यावर पोहोचवायचा असतो, त्यामुळे अ‍ॅपर्चर बारीक करण्याचा प्रश्नच येत नाही. आणि फोकस करताना ऑपरेटर अख्खी नळीच यंत्राच्या पकडीत पुढेमागे सरकवतो. आकाराबद्दल निश्चिंत राहा. ३५ मिमी सिनेमास्कोपची (अ‍ॅनामॉर्फिक लेन्सने रुंद चित्र दाखवण्याच्या पद्धतीची) प्रोजेक्टरमधील चौकट सुमारे २१ × १७.५ मिमी असते, म्हणजे तिचा कर्ण साधारण २७ मिमी, तर तुमच्या सेन्सरचा २८ मिमी. कोपरे थोडे अंधारतील, इतकेच. मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर मात्र मी ही लेन्स लावण्याच्या फंदात पडलो नसतो.

९० मिमी हा फोकल लेंग्थचा आकडा त्या चित्रपटगृहाच्या मापाने ठरलेला आहे. फिल्मच्या चौकटीच्या रुंदीला केबिनपासून पडद्यापर्यंतच्या अंतराने गुणून फोकल लेंग्थने भागले की चित्राची रुंदी मिळते. १८ मीटर अंतर धरले तर ती ४.२ मीटर येते आणि अ‍ॅनामॉर्फिक पुढे लावल्यावर ८.४ मीटर होते. पडद्याची उंची तीच ठेवायची असल्याने साध्या वाइडस्क्रीन चित्रपटासाठी कमी फोकल लेंग्थची आणखी एक लेन्स केबिनमध्ये असायचीच. भंगारवाल्याकडे पुन्हा चौकशी करा. ती त्याच्याकडे पडून असण्याची शक्यता आहे.

आटेदार : अ‍ॅडॉप्टर मागवण्यापूर्वी एक माप घ्या. खोलीत अंधार करून एकच खिडकी उघडी ठेवा, समोरच्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवा आणि लेन्सचे पुढचे तोंड खिडकीकडे करून नळी हळूहळू मागेपुढे करा. दूरचे झाड किंवा इमारत कागदावर उलटी पण रेखीव दिसू लागली की नळीच्या मागच्या कडेपासून कागदापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. सोनी ई माउंटपासून सेन्सर १८ मिमीवर असतो, आणि तुमची नळी माउंटच्या तोंडात शिरण्याइतकी बारीक नाही. तेव्हा मोजलेल्या अंतरातून १८ वजा जाता जे उरेल, त्यात सगळे जोडकाम बसवावे लागेल.

फोकससाठी हेलिकॉइड, म्हणजे फिरवून लांबी कमीजास्त करता येणारी आट्यांची नळी घ्यावी. ६५ मिमी आट्यांचा, १७ ते ३१ मिमी लांबीचा हेलिकॉइड बाजारात सहज मिळतो. अनंतापासून एक मीटरपर्यंत येण्यासाठी ९० मिमीची लेन्स सुमारे ९ मिमी पुढे सरकावी लागते, त्यामुळे १४ मिमीची ही हालचाल पुरेशी आहे. नळी धरण्यासाठी लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमची बाही करून घ्या आणि तिला तीन बाजूंनी स्क्रू द्या. लेन्सचे वजन माउंटवर टाकू नका. ट्रायपॉडची पट्टी बाहीलाच बसवा.

काचपेटी : सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. अंतर ५२ मिमी भरले.

आटेदार : मग काम झालेच म्हणायचे. ५२ मधून माउंटचे १८ आणि हेलिकॉइडचे किमान १७ गेले, की कड्यांसाठी व बाहीसाठी १७ मिमी उरतात.

उन्हातला : एक अडचण अजून कोणी सांगितलेली नाही. भर दुपारी आयएसओ १०० वर एफ/१.९ साठी १/७००० सेकंदाच्या आसपास शटर लागते आणि अनेक कॅमेऱ्यांचे यांत्रिक शटर १/४००० वर थांबते. त्यामुळे प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लागेलच. काळ्या जाड कागदाची चकती पुढे लावता येते, २२.५ मिमीच्या छिद्राने ही लेन्स एफ/४ होते, मात्र चकती भिंगांच्या मध्यापासून दूर राहत असल्याने कडा अधिक काळवंडतात. सूर्याकडे तर ही लेन्स चुकूनही रोखू नका, कारण तुमच्यासारख्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात सेन्सर सतत उघडा असतो आणि प्रकाश अडवायला येथे अ‍ॅपर्चरही नाही.

अ‍ॅनामॉर्फिक वापरण्याबाबत मात्र मी थोडा साशंक आहे. हेन्री क्रेत्याँ यांच्या ज्या रचनेवर १९५३ मध्ये सिनेमास्कोप उभे राहिले, तीच ही : आडवे चित्र निम्मे दाबायचे आणि पडद्यावर पुन्हा दुप्पट पसरायचे. तुमच्या ३:२ सेन्सरवर त्यातून ३:१ असे अवाजवी रुंद चित्र मिळेल, त्यामुळे बाजू कापाव्या लागतील. शिवाय प्रत्येक वेळी दोन लेन्सचे फोकस वेगवेगळे जुळवावे लागतात आणि अ‍ॅनामॉर्फिक किंचित फिरली तरी उभ्या रेषा तिरक्या होतात. स्थिर दृश्यांसाठी हे चालेल. चालत्या माणसाचे चित्रीकरण करायचे असेल तर मी त्या वाटेला जाणार नाही. आधी नुसती ९० मिमीची लेन्स बसवा आणि पावसाळ्यापूर्वी दोन्ही लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा.