लॉग स्केलच्या अक्षावर सरळ आकडे लिहा ना राव

चाळणीवाला: मातीच्या सीव्ह ॲनालिसिसचे (चाळण्या लावून कण आकारानुसार वेगळे करतात ते) ग्राफ बघतो मी, आडवा अक्ष लॉग, म्हणजे दर घराला आकडा दहापट, त्यावर कणांचा आकार मिलिमीटरमधे. नवीन पोरानं काल मॅटप्लॉटलिबमधून (पायथनची ग्राफ काढायची लायब्ररी) ग्राफ काढून आणला तर खाली सगळीकडे १० आणि त्याच्या डोक्यावर मुंगीएवढा उणे २, उणे १. अरे चाळणीवर काय लिहिलेलं असतं? ७५ मायक्रॉन, ४.७५ एमएम. मग ग्राफवरही ०.०१, ०.१, १, १० असंच पाहिजे. घात वगैरे प्रोफेसर लोकांना ठेवा.

घातप्रेमी: थांबा जरा. सरळ आकडे दिसले की माणूस फूटपट्टीसारखंच वाचतो. १० आणि १०० च्या बरोब्बर मधे काय, विचारा कुणालाही, ५०-५५ म्हणेल. असतं साधारण ३२. घात बघून निदान कळतं की इथे दर घराला दहापट होतंय. आणि माझे बॅक्टेरियाचे काउंट १०० पासून १०० कोटीपर्यंत जातात, शून्यं काय बोटानं मोजू?

चाळणीवाला: तो घोळ घातानं कुठे सुटतो? मधे २० आणि ५० लिहा की. १० ते २० ला घराचा ३० टक्के भाग जातो, २० ते ५० ला ४०, पुढे १०० पर्यंत परत ३०, लेबलं जवळजवळ सारख्या अंतरावर बसतात.

रात्रीचा_कोडर: तुमचं चालू द्या, माझं दुखणं वेगळंच. डेटा २०० ते ९०० एवढाच, तर अक्षावर २ गुणिले दहाचा वर्ग, ३ गुणिले दहाचा वर्ग, अशी लांबलचक लेबलं. मेजर टिकांना, म्हणजे अक्षावरच्या मोठ्या खुणांना, साधे आकडे छापणारा स्केलर फॉरमॅटर लावला, ढिम्म फरक नाही, तासभर डोकं आपटल्यावर कळलं की ही लेबलं मायनर टिकांची, मधल्या बारक्या खुणांची आहेत, तिथे वेगळा लावावा लागतो 😭

घातप्रेमी: तिथे मीपण सरळ २००, ३०० लिहीन. पण एक घरही पूर्ण भरत नाही तर लॉग लावलाच कशाला?

साउंडचेक: आम्ही आवाजवाले, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. अक्षावर १००, १ के (म्हणजे हजार), १० के. ना शून्यांची रांग ना डोक्यावरचा बारका आकडा, युनिट बदललं की विषय संपला.

चाळणीवाला: हे पटलं. घातही एकवेळ चालतील हो, पण डेटाचाच आधी लॉग काढून अक्षावर नुसते ३, ४, ५ लिहितात आणि लॉग घेतलाय हे कुठेच सांगत नाहीत, त्यांचं काय करायचं?

घातप्रेमी: त्यांना धरायला मी येतो तुमच्याबरोबर.