एसी बंद ठेवणाऱ्याला पैसे, मग पंखेवाल्याला काय?

वरचा मजला:
धनकवडीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. एप्रिल-मेमध्ये स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरालाही घर भट्टी. दोन पंखे, एक कूलर, बस. भाचा कॅलिफोर्नियात असतो. तो सांगत होता, २०२२ च्या उन्हाळ्यात तिकडे ग्रीडवर ताण आला की दुपारी ४ ते रात्री ९ मध्ये वीज कमी वापरणाऱ्या घरांना वाचलेल्या युनिटमागे २ डॉलर मिळायचे. हे इथे आलं, तर आमच्या खालच्या घरात तीन एसी आहेत, ते त्यातले दोन बंद करून पैसे घेणार. मी काय बंद करू, पंखा?

सबस्टेशन:
ताई, ते काटकसरीचं बक्षीस नाही हो. सूर्य मावळला की सोलर जातं, एसी मात्र सुरूच. तेव्हाची वीज सगळ्यात महाग. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट ओढतो, साधा पंखा ७५ वॉट. एक एसी बंद म्हणजे वीस पंख्यांचा भार उतरला. महाग वीज कमी घ्यावी लागली तर फायदा तुमच्याही बिलात.

वरचा मजला:
माझा फायदा कधीतरी बिलात, त्यांचा लगेच हातात! आणि कमी म्हणजे कशापेक्षा कमी? आधीच्या दिवसांशी तुलना करणार असाल, तर एखादा चार दिवस मुद्दाम १६ वर एसी लावून बसेल.

कोथरूडकर:
बसेलच. कॅलिफोर्नियातच २००१ मध्ये आदल्या उन्हाळ्यापेक्षा २० टक्के वापर कमी केला की बिलात २० टक्के सूट होती. म्हणजे महिनाभर गावाला गेलेला खूश, आणि आदल्या वर्षीच बचत सुरू केलेला कोरडा.

पेठेतला:
पुण्यात याच्या उलट करून झालंय. २००६ मध्ये भारनियमन टाळायला कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवले. त्या महाग विजेचा जादा आकार महिन्याला ३०० युनिटांच्या वर जाणाऱ्या घरांकडून घेतला, खालच्यांना माफ.

वरचा मजला:
हे पटलं. मला बक्षीस नकोच. एसीवाल्यांना द्यायचं ते द्या, पण ५०० युनिटांच्या वरच्यांकडूनच काढून द्या. १०० च्या आतल्यांच्या बिलात त्याचा एक पैसा चढायला नको.

सबस्टेशन:
म्हणजे त्यांचेच पैसे त्यांनाच?

वरचा मजला:
त्यांच्यातच, पण त्यालाच नाही. जो बंद करणार नाही, तो बंद करणाऱ्याला देईल.