जीन खराब नाही, नुसतं 'बंद' आहे म्हणजे काय? (आईचा एंडोमेट्रियल कॅन्सरचा रिपोर्ट)

उंबरठा:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आईचं वय ६३, पाळी जाऊन बारा वर्षं झालेली आणि मध्येच एक दिवस थोडं ब्लीडिंग झालं, ती म्हणत होती होतं असं कधीकधी, मी हट्टाने नेलं तर बायोप्सीत गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालंय, स्टेज १, त्यामुळे तशी काळजी मिटलीये. पण रिपोर्ट वाचून डोकं गरगरतंय. त्यात आहे 'एमएलएच१ आणि पीएमएस२ : लॉस ऑफ एक्स्प्रेशन', 'पी५३ : वाइल्ड टाइप', 'ईआर, पीआर पॉझिटिव्ह'. मग अजून एक टेस्ट करायला लावली, त्यात 'एमएलएच१ प्रमोटर मिथायलेशन आढळले'. डॉक्टर जाता जाता म्हणाले, जीन खराब नाहीये, बंद पडलंय, मुलींनी फार घाबरू नये. आता जीन खराबच नाही तर कॅन्सर कसा झाला? आणि पीएमएस२ पण गेलंय त्याबद्दल तर कोणी बोललंच नाही. मी आणि बहीण दोघींनी टेस्ट करायची का?

सडेतोड_७१:
जीनचा प्रॉब्लेम म्हणजे आनुवंशिकच की. दोघींनी टेस्ट करून घ्या, उगाच इथे विचारत बसू नका.

निवांत:
@सडेतोड, नाही हो, इथेच गल्लत होते. सगळे कॅन्सर जीन्समधूनच होतात पण आईबापांकडून आलेले त्यातले थोडे.
ताई, शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो, तरी डोळ्याची पेशी वेगळी आणि लिव्हरची वेगळी, कारण कुठे कोणतं जीन वाचलं जातं ते वेगळं. जीन वाचून त्यातून प्रोटीन तयार होणं याला एक्स्प्रेशन म्हणायचं. आता समजा पोथीतलं एक अक्षरही खोडलेलं नाही पण कोणीतरी ती फडक्यात बांधून वर सात गाठी मारल्यात, तर ती पोथी असून नसल्यासारखी. मिथायलेशन म्हणजे त्या गाठी. जीन जिथून वाचायला सुरुवात होते तो भाग म्हणजे प्रमोटर, तिथेच मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात आणि वाचन थांबतं. बाकी लॅबवाले कोणी असतील तर सांगतीलच.

लॅबमधली_मुंगी:
आले आले. पोथी आवडली, ढापणार आहे.
आधी पीएमएस२ चं कोडं सोडवते कारण ते खरंच मजेशीर आहे. एमएलएच१ आणि पीएमएस२ ही प्रोटीन्स जोडीने राहतात, आणि पीएमएस२ ला एकटं टिकताच येत नाही, जोडीदार नसला की पेशी त्याला मोडीत काढते. म्हणजे आईच्या कॅन्सरच्या गाठीत (ट्यूमरमध्ये) पीएमएस२ चं जीन बहुतेक धडधाकट आहे, प्रोटीन मात्र एमएलएच१ च्या मागोमाग गेलं. म्हणून कोणी बोललं नाही. (बोलायला हवं होतं, दोन मिनिटांचं काम आहे.)
ही जोडी करते काय, तर पेशी डीएनएची कॉपी काढताना ज्या चुका होतात त्या दुरुस्त करते, मुद्रितशोधकच म्हणा. तो गप्प बसला की दर कॉपीला चुका साठत जातात, आणि त्या कधीतरी पीटेनसारख्या जीनमध्ये पडतात ज्याचं काम पेशीच्या वाढीला ब्रेक लावायचं. एंडोमेट्रियल कॅन्सरमध्ये पीटेन बिघडणं तर अगदी नेहमीचं. तर 'जीन खराब नाही' हे एमएलएच१ पुरतं खरं, ते बंद झाल्यामुळे बाकीची खराब झाली. साधारण २५ ते ३० टक्के एंडोमेट्रियल कॅन्सरमध्ये ही दुरुस्ती बंद असते आणि त्यातल्या बहुतेकांत कारण हेच मिथायलेशन, जे गाठीतच तयार झालेलं असतं, वारशाने आलेलं नसतं. उलट एमएसएच२ किंवा एमएसएच६ (याच दुरुस्तीतली दुसरी जोडी) गेलं असतं तर मीच म्हटलं असतं आधी लिंच सिंड्रोमची टेस्ट करा, म्हणजे दुरुस्तीच्या जीनमधला बिघाड आईबापांकडूनच आलाय का ते बघा.

उंबरठा:
बापरे, आत्ता कुठे उजेड पडला. मग ईआर पीआर आणि पी५३ चं पण सांगाल का, आणि आईचं वजन जास्त आहे त्याचा काही संबंध?

लॅबमधली_मुंगी:
वजनाचा संबंध आहे, पण आईला दोष देऊ नका प्लीज. अस्तराच्या पेशीत इस्ट्रोजेन येऊन ईआरला (इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे ते चिकटायची जागा) चिकटतं आणि वाढीची जीन्स चालू करतं, प्रोजेस्टेरॉन पीआरमार्फत (त्याचा स्वतःचा रिसेप्टर) ती वाढ आवरतं. पाळी गेल्यावर प्रोजेस्टेरॉन जवळपास नसतंच, पण चरबीच्या पेशींत अ‍ॅरोमॅटेज नावाचं एन्झाइम असतं ते इस्ट्रोजेन बनवतच राहतं. एक्सलेटर दाबलेला आणि ब्रेकवर पाय नाही. टॅमॉक्सिफेन बघा, ब्रेस्टमध्ये इस्ट्रोजेनला अडवतं आणि गर्भाशयात तेच औषध इस्ट्रोजेनसारखं वागतं, कारण रिसेप्टर तोच असला तरी दोन्हीकडच्या पेशींत त्याचे मदतनीस वेगळे. ईआर पीआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठ अजून हार्मोनचं ऐकते, त्यामानाने बरी बातमी.
पी५३ हे बिघडलेल्या पेशीची वाढ रोखणारं प्रोटीन, त्याची गंमत उलटी आहे. चांगलं पी५३ पेशी सतत मोडत असते म्हणून स्लाइडवर फिकट, कुठे कुठेच दिसतं. बिघडलेलं बऱ्याचदा साठून राहतं म्हणून सगळी स्लाइड गडद होते, नाहीतर पूर्ण कोरी. इथे एक्स्प्रेशन जास्त दिसणं ही वाईट खूण. आईचं वाइल्ड टाइप, म्हणजे नेहमीसारखं.
२०१३ मध्ये टीसीजीए नावाच्या कॅन्सरच्या जीन्स तपासणाऱ्या अमेरिकन प्रकल्पाने ३७३ गाठी तपासून चार गट पाडले, पोल-ई वाला (डीएनएची कॉपी काढणारं पोल-ई जीन बिघडलेला, याचं सगळ्यात चांगलं), दुरुस्ती बंद असलेला, पी५३ बिघडलेला (हा सगळ्यात त्रासदायक) आणि उरलेला चौथा. २०२३ च्या फिगो (स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना) स्टेजिंगमध्येही याची दखल घेतलीये. आईचा गट दुसरा, आणि देव न करो पण पुढे कधी परत आलाच तर डोस्टारलिमॅब, पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी याच गटात चांगली चालते, कारण इतक्या चुका असलेली पेशी इम्यून सिस्टिमला परकी वाटते.

सडेतोड_७१:
बरं, माझं वरचं वाक्य मागे घेतो. पण मग टेस्ट अजिबातच नको?

लॅबमधली_मुंगी:
अजिबातच असं नाही. मिथायलेशन सापडलं की लिंचची शक्यता खूप कमी होते, शून्य होत नाही. घरात कोणाला पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर हिशोब बदलतो.

उंबरठा:
अं... मोठा मामा. ४६ व्या वर्षी, मोठ्या आतड्याचा. आईचा सख्खा भाऊ. मला वाटलं त्याचा याच्याशी काय संबंध म्हणून लिहिलंच नाही.

लॅबमधली_मुंगी:
अहो ताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! घाबरू नका, पण जेनेटिक कौन्सेलरला भेटा आणि आईचे दोन्ही रिपोर्ट न्या. टेस्ट आधी आईची, तुम्हा दोघींची नाही, तिच्यात काही सापडलं तरच पुढे तुम्ही. आणि मामांच्या ऑपरेशनचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) त्या हॉस्पिटलने ठेवलेत का ते विचारा, जुन्या ब्लॉकवरही दुरुस्तीची हीच चार प्रोटीन्स (एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६) तपासता येतात.

उंबरठा:
मामीला आत्ताच मेसेज केला. फाइल तिच्याकडेच आहे म्हणतेय.