मदत हवी आहे: रॅटचं हृदय टीटीसीने (जिवंत ऊती लाल करणारं रसायन) रंगवल्यावर गुलाबी पट्टा, मृत धरायचा की जिवंत?

परळच्या लॅबमध्ये विस्टार रॅटवर (२५०-३०० ग्रॅम) एलएडी (हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी एक धमनी) ३० मिनिटं बांधून १२० मिनिटं रिपरफ्यूजन (गाठ सोडून पुन्हा रक्तप्रवाह) देतोय. शेवटी गाठ पुन्हा आवळून २% इव्हान्स ब्लू (रक्त पोचतं तो भाग निळा करणारा रंग), हृदय उणे २० अंशांवर २० मिनिटं, २ मिमीच्या चकत्या, १% टीटीसी (फॉस्फेट बफर, पीएच ७.४) ३७ अंशांवर १५ मिनिटं, मग १०% फॉर्मलिनमध्ये रात्रभर.

अडचण अशी की पांढरा मृत भाग आणि लाल जिवंत भाग यांच्यामध्ये गुलाबी पट्टा उरतो. इमेजजेमध्ये (चित्रावरून क्षेत्रफळ मोजायचं सॉफ्टवेअर) दोघांनी मोजलं की दोन वेगळे आकडे येतात.

टीटीसी दरवेळी ताजं बनवतो, अंधारात ठेवतो. चकत्या काचांमध्ये दाबून दोन्ही बाजू स्कॅन केल्या. शॅममध्ये (३० मिनिटं धमनी न बांधलेले तुलनेचे प्राणी) धोक्यातला, म्हणजे निळा न झालेला, भाग एकसारखा लाल येतो, म्हणजे रंगाची चूक वाटत नाही. संशय रिपरफ्यूजनच्या वेळेवर आहे: टीटीसीला लाल करणारं डिहायड्रोजिनेज (एन्झाइम) आणि त्याचं साथी रसायन एनएडीएच मेलेल्या पेशींतून पुरतं धुऊन गेलं नाही, तर तिथेही थोडा लाल रंग धरतो. पण प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरी १२० मिनिटांचीच आहे आणि पडताळायला छोट्या प्राण्यांचा एमआरआय हाताशी नाही.

अशा वेळी थ्रेशोल्ड (मृत-जिवंत वेगळं करणारी रंगाची सीमा) कुठे लावता? की सुधारणा अर्ज करून रिपरफ्यूजन वाढवावंच, आणि किती तासांपर्यंत?