ओस पडलेल्या वास्तूंच्या आत जावे की बाहेरूनच पाहाव्यात?

उंबरठा :
निर्मनुष्य शहरे, बंद पडलेल्या खाणी आणि ओसाड कारखाने हिंडून पाहण्याच्या छंदाविषयी माझी तक्रार नाही. मात्र त्याविषयीची चर्चा 'भक्कम बूट घाला, विजेरी सोबत ठेवा' यापुढे सहसा जात नाही, आणि खरे धोके बुटांनी किंवा विजेरीने टळणारे नसतात. माझे मत असे की, परवानगी नसेल तिथे जाऊच नये आणि परवानगी असली तरी आखून दिलेली वाट सोडून कोणत्याही बांधकामाच्या आत शिरू नये.

पेनसिल्व्हेनियातील सेंट्रेलिया गावाखालच्या कोळशाला १९६२ मध्ये लागलेली आग आजही धुमसत आहे. १९८१ मध्ये तिथे एका १२ वर्षांच्या मुलाच्या पायाखालची जमीन खचली आणि झाडाचे मूळ हाती लागले म्हणून तो वाचला. तो काही धाडस करायला निघाला नव्हता, आजीच्या परसात उभा होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातील विटनूमचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथली निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण १९६६ मध्ये बंद झाली, पण खाणीतून निघालेल्या चुऱ्याचे ढीग आणि त्यातले, श्वासावाटे फुप्फुसात जाणारे घातक तंतू अजून तिथेच आहेत. तिथे एक दुपार घालवून आलेला माणूस 'मला काही झाले नाही' असे खुशाल सांगतो. पण ॲस्बेस्टॉसमुळे काही झाले की नाही, हे कळायला तीस-चाळीस वर्षेही लागू शकतात.

दुर्बीण :
उदाहरणे मान्य, निष्कर्ष अमान्य. परवानगी म्हणजे मालकाची हरकत नाही, एवढेच. जमीन वजन पेलेल की नाही, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. उलट 'प्रवेश बंद' ही पाटी ठणठणीत इमारतीवरही लागते आणि मोडकळीला आलेल्या इमारतीवरही, त्यामुळे तिच्यावरून धोक्याचा अंदाज येत नाही. जपानमधील हाशिमा बेटावरची कोळसा खाण १९७४ मध्ये बंद झाली आणि २००९ पासून पर्यटकांना तिथे उतरता येते, परंतु केवळ बांधलेल्या मार्गांवरून. नियम योग्यच आहे, पण हजारो माणसे ज्या खोल्यांमध्ये राहिली त्या खोल्या त्या मार्गावरून दिसत नाहीत. अनेक वास्तू पाडल्या जातात आणि त्यांच्या अंतर्भागाची नोंद हौशी लोकांच्या छायाचित्रांतच काय ती उरते.

आम्ही काही पथ्ये पाळतो. आधी बाहेरून पूर्ण फेरी मारायची. छपराची रेषा खाली झुकलेली असेल तर तिथूनच परत फिरायचे. किमान तिघे हवेत, म्हणजे एकाला इजा झाली तर दुसरा त्याच्यापाशी थांबतो आणि तिसरा मदत आणतो. कुठे चाललो आहोत आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करायचा, हे बाहेरच्या एका माणसाला सांगून ठेवायचे. लाकडी जमिनीवर भिंतीलगत चालायचे.

तुळई :
शेवटच्या वाक्यापाशी थांबतो, कारण बांधकाम हे माझे कामच आहे. भिंतीलगत चालण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. तुळई मध्यभागी जास्त वाकते हे बरोबर. पण दगडविटांच्या भिंतीत रुतलेले तिचे टोक भिंतीतली ओल शोषत राहते आणि कित्येकदा तेच आधी कुजते. वरून पाहणाऱ्याला त्यातले काही दिसत नाही. त्यातून जमिनीवर लिनोलियम अंथरलेले असेल तर खालच्या फळ्यांचा भुगा झाला तरी पृष्ठभाग सपाट आणि चकचकीतच राहतो.

काँक्रीट त्या मानाने बोलते. आतली सळई गंजली की गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होते, त्या दाबाने सळईच्या रेषेत तडे जातात, तांबूस ओघळ येतात आणि पापुद्रे सुटतात. असा स्लॅब स्वतःचे वजन वर्षानुवर्षे पेलेल. एकाच जागी उभ्या राहिलेल्या तीन माणसांचे पेलेलच, याची हमी मी देणार नाही.

दुर्बीण :
म्हणजे हे शिकवता येण्याजोगे ज्ञान आहे, आणि माझा मुद्दा तोच आहे. सरसकट बंदीमुळे जाणारे थांबत नाहीत, ते फक्त सांगेनासे होतात. आणि न सांगता गेलेला माणूस पडला तर त्याला कुठे शोधायचे, हेच कोणाला ठाऊक नसते.

उंबरठा :
खाणींच्या बाबतीतही आपण हेच म्हणाल का? बंद बोगद्यात प्राणवायू कमी झाला असेल तर त्याला वास नसतो, रंग नसतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढले की घ्राणेंद्रियच बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला, असा भलताच समज होतो. कोसळलेल्या सोबत्याला ओढायला आत धावलेला माणूसही त्याच हवेत श्वास घेतो. आपला तिघांचा नियम इथे तीन बळी घेऊ शकतो.

दुर्बीण :
नाही, खाणींविषयी आपले एकमत आहे. बेवारस खाणीत छंद म्हणून शिरू नये. हवा मोजणारे उपकरण हाती आल्यामुळे खचणारे छत थांबत नाही.

पायवाट :
छायाचित्रांमुळे नोंद राहते, या युक्तिवादावर माझा फारसा विश्वास नाही. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर २७ एप्रिल १९८६ रोजी शेजारच्या प्रिप्यात शहरातील सुमारे ४९,००० लोकांना हलवण्यात आले. तिथल्या शाळांमधल्या बाहुल्या आणि वायुरोधक मुखवटे नंतर आलेल्या लोकांनी छायाचित्रांसाठी कित्येकदा हलवले, नव्याने मांडले. मग आपण पाहतो ती नोंद १९८६ ची की कालच्या पर्यटकाची? कॅलिफोर्नियातील बोडी हे जुने सोन्याच्या खाणीचे गाव याच्या नेमके उलट आहे. १९६२ पासून ते राज्याचे ऐतिहासिक उद्यान आहे, इमारती नव्या न करता आहे त्या अवस्थेत सावरून ठेवल्या जातात आणि तिथून साधा खिळाही उचलायला मनाई आहे. (तरीही लोक वस्तू नेतात आणि पुढे काही वाईट घडले की माफीच्या पत्रासह टपालाने परत पाठवतात. कायद्यापेक्षा शापाचा धाक मोठा!) बहुतेक घरे तिथे खिडकीतूनच पाहावी लागतात आणि त्यामुळेच आतले सामान जागच्या जागी आहे.

दुर्बीण :
बोडीला राखणारी यंत्रणा आहे. ज्या कारखान्याला कोणी वालीच नाही त्याचे काय? तरीही आपल्या आक्षेपातला एक भाग स्वीकारतो. कोणत्याही वस्तूला हात लावू नये, छायाचित्रावर तारीख घालावी आणि ठिकाणाचा पत्ता जाहीर करू नये. पत्ता पसरला की पाठोपाठ तांब्याच्या तारा चोरणारे येतात, असा सर्वांचाच अनुभव आहे.

तुळई :
धुळीविषयी कोणी बोलले नाही, म्हणून जोडतो. कापडी मुखपट्टी ॲस्बेस्टॉसपुढे निरुपयोगी आहे. चेहऱ्याला घट्ट बसणारी, सूक्ष्म कण अडवणारी मुखपट्टी हवी आणि दाढी असेल तर तीही नीट बसत नाही. नळांवरचे जुने आवरण फाटून लोंबत असेल, तर मुखपट्टी असूनही त्या खोलीत जाऊ नये, कारण ते तंतू कपड्यांवर बसून घरी येतात आणि घरच्यांनी मुखपट्टी घातलेली नसते.

उंबरठा :
धुळीचा हा मुद्दा दुर्बीण यांच्या पथ्यांमध्ये नव्हता, याची नोंद घ्यावी. जाणकारांची यादी जर दर प्रतिसादागणिक वाढत असेल, तर ती वाचून उद्या निघणाऱ्या नवख्याला यादी पूर्ण झाली आहे, हे कोण सांगणार?